९५ टक्के कोणाचे? गंभीर हृदयदोष घेऊन जन्मणाऱ्या बाळाच्या जगण्याविषयी

लातूर जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावाहून एका होणाऱ्या पित्याने प्रश्न विचारला आहे. पत्नीला २२वा आठवडा सुरू असून हे तिचे पहिलेच बाळंतपण आहे. फीटल इकोमध्ये (गर्भातील बाळाच्या हृदयाच्या सोनोग्राफीत) बाळाच्या हृदयातून निघणाऱ्या दोन्ही मुख्य धमन्या एकमेकींच्या जागी जोडल्या गेल्याचे दिसले. एका डॉक्टरांनी सांगितले की ऑपरेशननंतर अशी ९५ टक्के बाळे वाचतात. दुसऱ्यांनी सांगितले की आत्ताच काही सांगता येणार नाही. ‘कोणाचे खरे मानायचे, आणि बाळाचा धोका नेमका कशाकशाने वाढतो,’ असे त्यांनी विचारले आहे.

दोन्ही डॉक्टर खरे बोलले आहेत, आणि तरीही तुमचा गोंधळ उडाला याचे कारण असे, की टक्केवारी हा अपूर्णांक असतो आणि त्याचा छेद कोणी सांगत नाही. ९५ टक्के म्हणजे कोणत्या शंभर बाळांपैकी ९५? पोटात असतानाच निदान झालेल्यांपैकी, जिवंत जन्मलेल्यांपैकी, रुग्णालयापर्यंत पोचलेल्यांपैकी, की ऑपरेशनच्या टेबलावर चांगल्या अवस्थेत पोचलेल्यांपैकी? या चार छेदांची उत्तरे एकमेकांपासून फार दूर असतात. गेली बावीस वर्षे मी नवजात बाळांच्या हृदयविकारांवर काम करतो आहे, आणि माझ्या अनुभवात पालकांची सर्वांत मोठी फसगत याच जागी होते. कोणी त्यांना मुद्दाम फसवत नाही. शेवटच्या छेदावरचा आकडा ऐकून ते पहिल्या छेदातल्या बाळासाठी निर्णय घेतात, इतकेच.

आधी तुमच्या बाळाचा दोष समजून घेऊ. आम्ही त्याला टीजीए म्हणतो. नेहमीच्या हृदयात उजवी बाजू अशुद्ध रक्त फुप्फुसांकडे पाठवते आणि डावी बाजू शुद्ध रक्त महाधमनीतून शरीराला पुरवते. या दोषात महाधमनी उजव्या जवनिकेतून, म्हणजे खालच्या कप्प्यातून, आणि फुप्फुसधमनी डाव्या जवनिकेतून निघते, त्यामुळे अशुद्ध रक्त शरीरातच फिरत राहते, शुद्ध रक्त फुप्फुसांतच फिरत राहते आणि दोन्ही चक्रांची गाठ पडत नाही. पोटात असताना याचा बाळाला फारसा त्रास होत नाही, कारण प्राणवायू वारेतून येतो. जन्मल्यानंतर मात्र बाळाचे जगणे दोन वाटांवर अवलंबून राहते. एक म्हणजे दोन कर्णिकांमधल्या, म्हणजे वरच्या कप्प्यांमधल्या, पडद्यातली फट, आणि दुसरी दोन्ही धमन्यांना जोडणारी डक्टस नावाची छोटी नळी, जी प्रत्येक निरोगी बाळात पहिल्या एक ते तीन दिवसांत आपोआप बंद होते. निसर्गाच्या दृष्टीने ते बंद होणे योग्यच असते, पण तुमच्या बाळाला ती नळी आणि ती फट दोन्ही काही दिवस उघड्या हव्या आहेत.

उपचार न मिळालेल्या टीजीएच्या बाळांचे काय होते, हे १९६० च्या दशकातील नोंदींवरून नीट माहीत आहे: पहिल्या आठवड्यात शंभरातील सुमारे ३०, पहिल्या महिन्याअखेर सुमारे ५० आणि वर्षाअखेर सुमारे ९० बाळे दगावत. १९६६ मध्ये फिलाडेल्फियात विल्यम रॅशकिंड यांनी पायाच्या किंवा बेंबीच्या शिरेतून फुगा नेऊन कर्णिकांमधली फट मोठी करण्याची पद्धत दाखवली आणि या बाळांना पहिल्यांदा थोडा वेळ मिळू लागला. १९७५ मध्ये ब्राझीलमधील साओ पाउलो येथे आदिब जातेने यांनी दोन्ही धमन्या कापून योग्य जागी जोडण्याची आणि हृदयाला रक्त पुरवणाऱ्या बारीक कॉरोनरी धमन्याही सोबत हलवण्याची शस्त्रक्रिया यशस्वी केली. तिलाच आज स्विच ऑपरेशन म्हणतात. उत्तर अमेरिकेतील मोठ्या केंद्रांच्या एकत्रित नोंदींत, जवनिकांमधल्या पडद्याला छिद्र नसलेल्या टीजीएच्या स्विचनंतर शंभरातील दोन-तीन बाळे दगावतात. तुम्हाला सांगितलेले ९५ टक्के याच छेदावरचे आहेत, आणि आपल्याकडील अनुभवी केंद्रांतही, बाळ वेळेत आणि चांगल्या स्थितीत आले तर, तसे निकाल मिळतात.

आता आधीच्या छेदांकडे पाहा. पॅरिसमधील एका केंद्राने १९९९ मध्ये आपल्या टीजीएच्या बाळांचा हिशेब दोन गटांत मांडला होता. जन्मानंतर निदान झालेल्या २५० बाळांपैकी १५ बाळे ऑपरेशनपर्यंत पोचलीच नाहीत आणि ऑपरेशन झालेल्या २३५ पैकी २० नंतर दगावली. पोटातच निदान झालेल्या ६८ बाळांपैकी ऑपरेशनपूर्वी एकही गेले नाही आणि नंतरही एकही गेले नाही. शहर, केंद्र आणि ऑपरेशन दोन्ही गटांसाठी एकच होते, शस्त्रक्रियेचे जे धोके आधीपासून ठाऊक आहेत तेही दोन्हीकडे सारखेच होते. फरक जन्मानंतरच्या पहिल्या काही तासांत होता. दुसऱ्या गटाची बाळे प्राणवायूविना निळी पडून, रक्त आम्लधर्मी होऊन, घाईघाईने आणली गेली नव्हती, कारण त्यांची वाट पाहणारे लोक आधीच तयार होते. तुमच्या बाळाचे निदान २२व्या आठवड्यात झाले आहे, म्हणजे ते या दुसऱ्या गटात जाऊ शकते, मात्र पुढचे नियोजन तसे झाले तरच.

त्या निदानाचे मोल कमी समजू नका. नेहमीच्या सोनोग्राफीत हृदयाचे चार कप्पे पाहण्यावर भर असतो आणि टीजीएमध्ये चारही कप्पे अगदी सरळ दिसतात. दोन्ही धमन्या कप्प्यांतून बाहेर पडताना एकमेकींना ओलांडतात की समांतर जातात, हे मुद्दाम पाहिले तरच दोष सापडतो. ज्यांनी तो पाहिला त्या सोनॉलॉजिस्टनी तुमच्यासाठी फार मोठे काम केले आहे.

आपल्याकडे निदान न झालेल्या बाळांचे काय होते, ते मी पाहिले आहे. काही वर्षांपूर्वी एकाच आठवड्यात आमच्याकडे टीजीएची दोन बाळे आली. एक चौथ्या दिवशी आले, पोटातच निदान झालेले, डक्टस उघडी ठेवणाऱ्या प्रोस्टाग्लँडिन या औषधाचे ड्रिप चालू असलेले आणि अंगाला ऊब असलेले. दुसरे छत्तिसाव्या दिवशी आले. घरी सर्वांना ते ‘जरा सावळे’ वाटत होते, दूध पिताना धापा टाकत होते, पण सव्वा महिना पुरा व्हायच्या आत बाळंतीण आणि बाळ उंबरा ओलांडत नाहीत, ही त्या घराची रीत होती. यात आईवडिलांच्या मायेची कमतरता अजिबात नव्हती. पण या दोषात डावी जवनिका केवळ फुप्फुसांना रक्त ढकलत असते, आणि जन्मानंतर फुप्फुसांचा दाब उतरत गेला की तिच्या स्नायूला काम उरत नाही व तो पातळ होत जातो. साधारण तीन-चार आठवड्यांनंतर तिच्यावर एकदम साऱ्या शरीराचा भार टाकला, तर ती तो पेलेल याची खात्री राहत नाही. त्या बाळाला स्विच करता आले, पण कृत्रिम हृदय-फुप्फुस यंत्राचा आधार काही दिवस द्यावा लागला आणि शेवटी जंतुसंसर्गाने ते गेले. ऑपरेशन दोन्ही बाळांवर झाले होते, म्हणून हिशेबात दोघांचाही छेद एकच धरला गेला. मला ते आजही पटत नाही.

‘गंभीर हृदयदोष’ हा एक आजार नाही, त्यामुळे सगळ्यांना मिळून एकच आकडा सांगणे फारसे उपयोगाचे नसते. एकूण दर हजार जन्मांमागे आठ-नऊ बाळांना कसला ना कसला हृदयदोष असतो आणि त्यांतील सुमारे एक चतुर्थांश दोष असे असतात, की पहिल्या वर्षातच शस्त्रक्रिया किंवा कॅथेटरचा उपचार लागतो. अमेरिकेतील अटलांटा परिसरात अशा गंभीर दोषांच्या बाळांची दीर्घ नोंद ठेवली गेली. १९७९ ते १९९३ मध्ये जन्मलेल्यांपैकी ६७ टक्के, तर १९९४ ते २००५ मध्ये जन्मलेल्यांपैकी ८२ टक्क्यांहून अधिक बाळे पहिला वाढदिवस पाहू शकली. या सरासरीत दोन टोके दडलेली आहेत. एका टोकाला टीजीए आहे. दुसऱ्या टोकाला हृदयाची डावी बाजूच अविकसित राहिलेली बाळे आहेत. त्यांच्यावर उपचार केले नाहीत तर बहुतेक सर्व पहिल्या महिन्यातच जातात, आणि उपचार करायचे तर टप्प्याटप्प्याने तीन ऑपरेशने लागतात. उत्तर अमेरिकेतील १५ केंद्रांनी मिळून ५४९ नवजात बाळांवर केलेल्या आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, पहिल्या टप्प्यात वापरलेल्या जोडनळीच्या प्रकारानुसार, हृदयप्रत्यारोपणाविना वर्षभर जगलेल्या बाळांचे प्रमाण ७४ आणि ६४ टक्के आले. जगातील उत्तम केंद्रांची ही स्थिती आहे. अशा घरातील माणसे जेव्हा ऑपरेशन न करता बाळाला वेदनेविना, आईच्या कुशीत ठेवण्याचा निर्णय घेतात, तेव्हा मी त्यांना कधीही हार मानलेले म्हणत नाही.

फुप्फुसांकडून येणाऱ्या शिरा चुकीच्या जागी जोडलेल्या आणि वाटेत आवळल्या गेलेल्या असतील, तर ते दोष याहूनही वेगळे असतात. तिथे औषधाने वेळ विकत घेता येत नाही आणि त्याच दिवशी ऑपरेशन लागते. महाधमनी पुढे अरुंद झालेली असेल तर बाळ तीन-चार दिवस ठणठणीत दिसते, घरी जाते आणि डक्टस मिटताच काही तासांत कोलमडते. जांघेतली नाडी चाचपून पाहण्याची दोन मिनिटांची तपासणी अशा कित्येक बाळांना वाचवते.

दोष कोणता, हे एकदा ठरले की त्याच दोषाची दोन बाळे वेगवेगळ्या वाटांनी का जातात, हा तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग. पहिली गोष्ट वजन आणि दिवस. अडीच किलोखालच्या बाळात ऑपरेशनचा धोका वाढतो आणि दोन किलोखाली तो फारच वाढतो. मुदतीपूर्वी जन्मलेल्या बाळाचे मेंदू, आतडी, मूत्रपिंडे सगळीच कच्ची असतात. इथे एक चूक फार ठिकाणी होते. बाळाला हृदयदोष आहे म्हटल्यावर सर्वांना घाई होते आणि ३७व्या आठवड्यात सिझेरियन करून बाळ बाहेर काढले जाते. हृदयदोष असलेल्या बाळांचे निकाल ३९ ते ४० आठवड्यांना जन्मलेल्यांत सर्वांत चांगले असतात. ३७ किंवा ३८ आठवड्यांना काढलेली बाळे, कागदावर पूर्ण दिवसांची असली तरी, मागे पडतात. टीजीए हे सिझेरियनचे कारण नाही, लवकर प्रसूतीचे तर मुळीच नाही.

दुसरी गोष्ट सोबतचे विकार. गुणसूत्रांचे गंभीर दोष, विशेषतः १३व्या आणि १८व्या जोडीतील जादा गुणसूत्र, किंवा अन्ननलिका, श्वासनलिका, मेंदू यांची व्यंगे सोबत असतील, तर सारा हिशेब बदलतो. डाउन सिंड्रोमबद्दल मात्र लोकांचा समज चुकीचा आहे. त्यात नेहमी आढळणाऱ्या कप्प्यांच्या पडद्यांच्या दोषात ऑपरेशनचे निकाल इतर बाळांइतकेच चांगले येतात, आणि केवळ डाउन आहे म्हणून हृदयाचे ऑपरेशन नाकारणे योग्य नाही. टीजीएसोबत गुणसूत्रांचे दोष क्वचितच असतात. तुमच्यासाठी ही दिलाशाची बाब आहे, तरी बाकीच्या अवयवांची तपशीलवार सोनोग्राफी एकदा पुन्हा करून घ्यावी.

तिसरी गोष्ट हृदयाचीच बारीक रचना. स्विचमध्ये खरी कसोटी कॉरोनरी धमन्यांची असते. त्या दोन स्वतंत्र मुखांतून निघत असतील तर काम सरळ असते. एकाच मुखातून निघत असतील किंवा महाधमनीच्या भिंतीतून वाट काढत जात असतील तर धोका वाढतो. ही रचना पोटात असताना खात्रीने दिसत नाही, जन्मानंतरच्या इकोत दिसते. दुसऱ्या डॉक्टरांचे ‘आत्ताच काही सांगता येणार नाही’ हे बोलणे इथे अक्षरशः खरे आहे.

चौथी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण ती बरीचशी आपल्या हातात आहे: बाळ कोणत्या अवस्थेत पोचते. लातूरहून मुंबई रस्त्याने पाचशे किलोमीटरांच्या आसपास आहे. हिवाळ्याच्या रात्री दुपट्यात गुंडाळून आणलेल्या बाळाचे तापमान ३४ अंशांपर्यंत उतरलेले असते, साखर घसरलेली असते, रक्तातले लॅक्टेट (प्राणवायू कमी पडल्यावर साचणारे आम्ल) वाढलेले असते. डक्टस उघडी ठेवणारे प्रोस्टाग्लँडिन दोन ते आठ अंशांच्या थंडाव्यात साठवावे लागते आणि ते प्रत्येक ठिकाणी हाताशी नसते. ते दिले तरी सुमारे दहांतल्या एका बाळाचा श्वास मधेच थांबतो, त्यामुळे सोबत श्वासनलिकेत नळी टाकता येणारा माणूस लागतो. त्यात भर पडते जंतुसंसर्गाची. दोन-तीन नर्सिंग होममध्ये फिरून, बेंबीत व हातापायांत सुया घेऊन आलेल्या बाळाच्या रक्तात जंतू निघाले, तर ऑपरेशन पुढे ढकलावे लागते, आणि टीजीएमध्ये पुढे ढकलायला दिवस फार नसतात. भारतीय केंद्रांत आम्ही गमावतो त्या बाळांपैकी अनेकांच्या बाबतीत शस्त्रक्रियेत काही चुकलेले नसते. ती संसर्गाने जातात.

आकडे वाचताना एक विसंगती तुम्हाला दिसेल, ती आधीच सांगून ठेवतो. काही मोठ्या नोंदींत, ज्या बाळांचे निदान लवकर झाले तीच जास्त दगावलेली दिसतात. याचा अर्थ निदानाने नुकसान होते असा नाही. दोष जितका भयंकर, तितका तो लवकर नजरेस पडतो, त्यामुळे लवकर निदान झालेल्यांच्या छेदात मुळातच अवघड बाळे जास्त असतात. म्हणूनच तुलना एकाच दोषाच्या बाळांत करावी लागते, जशी पॅरिसच्या केंद्राने केली.

तुमच्या घरात आणखी कोणी गरोदर असेल तर एक साधी तपासणी सांगतो. जन्मानंतर २४ तास झाल्यावर बाळाच्या उजव्या हाताला आणि एका पायाला पल्स ऑक्सिमीटर लावून पाहतात. दोन्ही आकडे ९५ किंवा जास्त असावेत आणि दोन्हींतला फरक तीनपेक्षा जास्त नसावा. कोठेही ९० च्या खाली असेल तर लगेच इको लागतो. ही तपासणी गंभीर दोषांपैकी सुमारे तीन चतुर्थांश पकडते, आणि निरोगी बाळाला विनाकारण धोक्याचा शिक्का जवळजवळ कधीच लावत नाही. सावळ्या कातडीवर निळेपणा डोळ्यांना उशिरा दिसतो, त्यामुळे आपल्याकडे या यंत्राचे मोल अधिकच आहे.

आता तुम्ही काय करावे. पहिले बाळंतपण माहेरी करण्याची आपली पद्धत या वेळी बाजूला ठेवा आणि तिच्या आईलाच तिच्याजवळ बोलवून घ्या. जिथे नवजात बाळांचे स्विच ऑपरेशन नियमितपणे होते, अशा केंद्राच्या आवारात किंवा त्याच शहरात प्रसूती व्हावी. आईच्या पोटातून होणारा प्रवास हा बाळासाठी सर्वांत सुरक्षित प्रवास आहे, कोणतीही रुग्णवाहिका त्याची बरोबरी करत नाही. ३७व्या आठवड्यापूर्वीच त्या शहरात मुक्काम हलवा. केंद्र निवडताना भिंतीवरच्या टक्केवारीऐवजी, गेल्या वर्षी तुम्ही महिन्याच्या आतल्या किती बाळांचे स्विच केले आणि त्यांतली किती घरी गेली, हे विचारा. चांगले केंद्र हा प्रश्न मनाला लावून घेत नाही. खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी त्याच रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे आत्ताच करा आणि रेशनकार्डासह कागदपत्रे तयार ठेवा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातही, ज्याची सुरुवात २०१३ मध्ये पालघरहून झाली, जन्मजात हृदयदोषांचा समावेश आहे. त्यासाठी जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात नाव नोंदवता येते. केरळने २०१७ पासून ‘हृद्यम’ या कार्यक्रमात अशा बाळांची नोंदणी करून त्यांना रुग्णालयांशी जोडून देण्याची व्यवस्था उभी केली. नवजात वयातल्या बाळांसाठी असा समन्वय आपल्या प्रत्येक जिल्ह्यात असावा, यासाठी मी जिथे संधी मिळेल तिथे बोलत असतो.

२४व्या आठवड्याची कायदेशीर मर्यादा जवळ आहे, त्यामुळे गर्भपाताचा विषय तुमच्यासमोर कोणीतरी काढेलच. २०२१ च्या दुरुस्तीनंतर, गर्भात मोठे व्यंग असल्यास, वैद्यकीय मंडळाच्या संमतीने त्यापुढेही परवानगी मिळू शकते. म्हणजे केवळ तारखेच्या धाकाने या आठवड्यात निर्णय घेण्याची गरज नाही. निर्णय तुमचा दोघांचा आहे. माझे मत विचाराल, तर सोबत दुसरे व्यंग नसलेला टीजीए हा आज बरा करता येणारा दोष आहे, आणि स्विच झालेली बहुसंख्य मुले शाळेत जातात, धावतात, मोठी होतात. त्यांना आयुष्यभर हृदयाची नियमित तपासणी लागते आणि काहींना शिकण्यात थोडी मदत लागते.

तुमच्या पत्नीला एक गोष्ट माझ्या वतीने सांगा. बाळाचे हृदय गरोदरपणाच्या पहिल्या आठ आठवड्यांत घडून जाते. ग्रहणात तिने भाजी चिरली म्हणून, जिना चढली म्हणून किंवा काही खाल्ले म्हणून हे झालेले नाही. गरोदरपणाआधीपासूनचा मधुमेह हे टीजीएचे एक ज्ञात कारण आहे, म्हणून तिची साखर तपासलेली असावी. पण बहुतेक घरांत कोणतेच कारण सापडत नाही.

३५-३६व्या आठवड्याला फीटल इको पुन्हा करा आणि त्या वेळी डॉक्टरांना दोनच गोष्टी मुद्दाम पाहायला सांगा: कर्णिकांमधली फट मोकळी आहे का, आणि डक्टस आत्ताच आवळू लागली आहे का. ती फट अरुंद असेल, तर बाळ जन्मल्यावर काही मिनिटांतच गंभीर होऊ शकते आणि फुग्याचा उपचार करणारा कार्डिओलॉजिस्ट प्रसूतीच्या वेळी त्याच इमारतीत हजर असावा लागतो. तो अहवाल आला, की पहिल्या डॉक्टरांचा आकडा तुमच्या बाळाला किती लागू पडतो, हे त्यांनाच पुन्हा विचारा. त्या दिवशी त्यांना बरेच नेमके उत्तर देता येईल.